तीन आज्यांचा करार

हॉली क्रीक गावात नेल्डा ग्रीसबाखचं नाव काढलं की माणसं आधी पोटावरून हात फिरवायची आणि मग हसायची. अडतीस वर्षं ती गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. आज गावात जो कोणी मका कापतोय, बँकेच्या खिडकीत बसलाय, नाहीतर चर्चमध्ये उपदेश करतोय, त्यानं कधी ना कधी डोक्याला जाळी बांधलेल्या नेल्डापुढे ट्रे धरलेला आहे. पाद्रीबाबासुद्धा रविवारी तिला पहिल्या रांगेत बघून एखादा शब्द गिळायचे. कारण असं की, तिसरीत असताना त्यांनी नको असलेले वाटाणे रुमालात बांधून खिशात घातले होते, आणि नेल्डानं जाता जाता तो खिसा मायेनं चापटला होता. वाटाणे शिजलेले होते. पुढचं सांगायला नको.

दोनशे ऐंशी पोरं, तीन पंगती, आणि एकेक पंगत बावीस मिनिटांची. घंटा झाली की पोरं यायची ती मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी, आणि नेल्डा पळीवर पळी वाढत सुटायची. न मोजता, न बघता. पहिल्या ट्रेत जेवढा बटाटा पडायचा, तेवढाच दोनशे ऐंशीव्या ट्रेत. एकदा वरून तपासायला एक साहेब आला. त्यानं चार पोरांचे ट्रे काट्यावर चढवले. चारी ट्रे सारखे भरल्यावर त्यानं काटा बदलून मागवला.

तिचा कायदा एकच. ताटात नको ते आलं तर तोंड वाकडं करायचं नाही. एक चमचा घ्यायचा, खायचा, आणि मगच नको म्हणायचं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘नको-चमचा’. ही पोरं मोठी झाली, लग्नं झाली, तरी सासूच्या हातचं काहीबाही समोर आलं की हॉली क्रीकचा जावई निमूट एक नको-चमचा खायचा. कित्येक संसार त्या एका चमच्यावर तरले असं गावात म्हणतात, आणि त्यात फार खोटं नसावं.

तिचं स्वतःचं लग्नही पळीवरच जमलं. नोकरीचं दुसरं वर्ष. फेब्रुवारीत भर दुपारी बर्फाचं असं वादळ सुटलं की शाळेच्या गाड्या फाटकातच अडकल्या. पोरांना घरी जाता येईना. मोठी स्वयंपाकीण रडायला लागली, तेव्हा पंचवीस वर्षांच्या नेल्डानं कोठार उघडलं, होत्या नव्हत्या मकरोनीत टोमॅटोचे डबे रिकामे केले, आणि सहाच्या आत सगळ्या शाळेला जेवू घातलं. मागाहून रस्त्यावरचा बर्फ लोटणारा एक लांबुडका माणूस भुवयांवर बर्फ घेऊन आत आला. चार ताटं जेवला आणि म्हणाला, “बाई, अजून आहे का?”

नेल्डा म्हणाली, “आहे. पण तुझं पोट आहे की तळघर?”

तोच मर्ल. जूनमध्ये लग्न झालं.

अशी ही बाई. तिनं वाढायचं आणि कुणी उपाशी उठायचं, हे घडलंच नव्हतं. पण माणसाचं असं असतं, ज्या हातानं अख्खं गाव सांभाळलं, तो हात कधीतरी स्वतःच्याच घरात लुळा पडतो.

तिचा एकुलता एक मुलगा कर्टिस. शेतांवर गॅसचा टँकर पोचवायचा. माणूस सरळ, बोलायला कमी. त्याचा आणि टॅम्राचा संसार बारा वर्षांनी मोडला, आणि तोही भांडून नाही. भांडले असते तर नेल्डाला मध्ये पडता आलं असतं. हा संसार मोडला तो तळ्यावरचा बर्फ वितळतो तसा; सकाळी होता, संध्याकाळी नव्हता. नेल्डानं मनापासून प्रयत्न केला की निदान टॅम्राचा राग तरी यावा. वर्षभर दोष शोधले. सापडला तो एवढाच, की ती बटाट्याच्या कोशिंबिरीत साखर घालते. आता एवढ्यावर माणूस किती दिवस रागावणार?

दोन मुली होत्या. थोरली कोरिन अकरा वर्षांची, धाकटी हॅटी सहाची. कोर्टाच्या कागदात मुलींचं सगळं वर्ष चिरून वाटून दिलं होतं, आणि त्यात थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या आभाराच्या सणाच्या, गुरुवारची फोड अशी होती: चार वाजेपर्यंत आईकडे, चार ते सात बापाकडे. बाप एका खोलीत राहायचा, तेव्हा बापाकडे म्हणजे नेल्डाच्या टेबलावर. वर्षातून तीन तास. पहिल्या वर्षी पोरी आल्या त्या टॅम्राच्या आईकडे, म्हणजे व्हर्लीनकडे जेवून. नेल्डाच्या टेबलावर बसल्या, ताट चिवडलं आणि सोफ्यावर झोपून गेल्या. यंदा उन्हाळ्यात टॅम्रानं दुसरं लग्न केलं. नवऱ्याला आई होती, त्या आईला टेबल होतं. म्हणजे आता तीन टेबलं, तीन भाजलेले टर्की पक्षी, तीन आज्या, आणि पोटं मात्र तीच दोन. आपल्याकडे म्हणतात ना, तीन तिघाडा, काम बिघाडा.

ऑक्टोबरात कर्टिसचा फोन आला.

“आई, टॅम्रानं एक कागद पाठवलाय.”

“आता काय चिरायचं राहिलंय?”

“नाही गं, चांगलं आहे तसं. ती म्हणते जुलैत पोरी अख्खा आठवडा माझ्याकडे राहू देत. त्यांना तळ्यावर ने, तंबू लाव, मासे धर म्हणते. सात दिवस, आई! मला सलग दोन दिवसांच्या वर मिळालेल्या नाहीत.”

“आणि त्याच्या बदल्यात?”

“थँक्सगिव्हिंग पूर्ण तिच्याकडे. पोरींची फार ओढाताण होते म्हणते. ते खोटं नाही.”

नेल्डा पुसलेलाच ओटा पुन्हा पुसू लागली.

“आई?”

“आहे मी. बोल.”

“सणानंतरच्या सोमवारी सही करून द्यायचाय. मी केली नाही अजून. यंदा काय होतं बघू. पोरींना तुझ्याकडे मजा आली, नीट जेवल्या, हसल्या, तर मी सरळ नाही म्हणून सांगतो. झालं?”

“झालं,” नेल्डा म्हणाली. फोन ठेवला आणि ओट्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. कर्टिस वाईट बोलला असता तर तिनं त्याला झापलं असतं. टॅम्रानं दुष्टपणा केला असता तर गावभर सांगितलं असतं. पण सात दिवसांपुढे तीन तास! कुठल्याही शहाण्या माणसाला विचारलं असतं तरी त्यानं सही कर म्हणून सांगितलं असतं. तिनं मर्लला विचारलंच नाही. पण मर्ल न विचारताही सांगायचा.

“शनिवारी कर की जेवण. टर्कीला काय कळतंय आज वार कुठला?”

“टर्कीला कळत नसेल. मला कळतं.”

“मला तर आजचासुद्धा कळत नाही,” मर्ल म्हणाला.

“तू त्या टर्कीच्याच जातीचा आहेस.”

शनिवारचं जेवण म्हणजे नुसतं जेवण. गुरुवारी मात्र गावातल्या प्रत्येक घराच्या दारात चार परक्या गाड्या लागलेल्या असतात, आणि ज्याच्या दारात लागत नाहीत त्याच्या घराकडे शेजारी पडदा सारून बघतात. नेल्डानं स्वतः आयुष्यभर तसं बघितलेलं होतं. कुणाच्या दारात गाडी नसली तर ताट झाकून नेऊन दिलेलं होतं. आपल्या दाराशी कुणी झाकलेलं ताट घेऊन येईल, ही कल्पनाच तिला नको व्हायची.

मग सणाच्या आधीच्या सोमवारी तिनं दोन वर्षांत न केलेला फोन केला.

“व्हर्लीन, मी नेल्डा.”

“कोण गेलं?” व्हर्लीननं विचारलं.

“कोणी नाही. सगळे आहेत. टर्कीबद्दल बोलायचंय.”

एके काळी ह्या दोघी विहिणी. इकडच्या बोलीत विहिणीला शब्दच नाही, आणि मुलांचा संसार मोडल्यावर जे नातं उरतं त्याला तर कुठल्याच बोलीत नसेल. पण दोघी एकाच जातकुळीच्या. माणूस बघितलं की आधी त्याचं ताट बघणाऱ्या.

“हे बघ,” नेल्डा म्हणाली, “पोरी माझ्याकडे येतात त्या पोतं दाबून भरून तोंड शिवल्यासारख्या. मी काय वाढू त्यांना?”

“तू मला सांगतेस? माझी पाळी सकाळी साडेअकराला! साडेअकराला कुणाला भूक असते? कोंबड्यांना.”

“निदान रिकाम्या पोटी तरी येतात तुझ्याकडे.”

“कसल्या रिकाम्या! टॅम्रा सकाळी धिरडी घालते त्यांना.”

दोघींनी मिळून थोडा वेळ टॅम्राला नावं ठेवली, त्यानं दोघींनाही बरं वाटलं. मग करार ठरला. व्हर्लीननं टर्कीचे दोन काप आणि एक पाव वाढायचा. नव्या आजीनं, म्हणजे ग्लोरियाननं, बटाटा आणि मका. आणि पावाचं सारण, रताळी, क्रॅनबेरीची आंबट चटणी आणि भोपळ्याची गोड पाई नेल्डाकडे. सगळ्यांनी सगळं शिजवायचं, पण पोरींना मात्र आपापल्या वाटणीचंच, आणि तेही एकेक चमचा.

“म्हणजे मी पाई वाढायचीच नाही?” व्हर्लीनचा आवाज असा आला की जणू कुणी तिचं कुंकू पुसायला निघालंय.

“या वर्षी नको. मी पुन्हा नाही मागणार.”

ती ‘पुन्हा नाही’ असं का म्हणाली, ते व्हर्लीनला ठाऊक असावं. लेकीनं कागदाचं सांगितलं असणारच. ती हळूच म्हणाली, “बरं. त्या ग्लोरियानला मी सांगते. बिचारी नवीन आहे, घाबरते मला.”

“नक्की ना?”

“अगं, नॉर्वेजियन रक्ताची आहे मी. आम्ही एकदा बरं म्हटलं की बरं.”

गुरुवारी पहाटे पाचलाच नेल्डाची भट्टी पेटली. अठरा पौंडांचा पक्षी. मर्लनं चहाचा कप हातात घेऊन त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“माणसं पाच. हा पक्षी आहे की वासरू?”

“उरला तर उरेल.”

“उरेल? ह्याला पुरायला खड्डा लागेल.”

पण आज तिला मर्लचा राग येत नव्हता. करार झालेला होता. ती गुणगुणत सारण कालवत होती, कांदा-सेलरी परतत होती, मध्येच दार उघडून पक्ष्यावर त्याचाच रस ओतत होती. साडेअकरा वाजले तसा तिनं घड्याळाकडे डोळा टाकला. आता व्हर्लीन दोन काप वाढत असेल. दीड वाजला. आता ग्लोरियान मका वाढत असेल, एक चमचा. पावणेचारला पक्षी बाहेर निघाला. असा तांबूस, असा चकचकीत, की खुद्द मर्लनं टोपी काढली.

साडेचारला कर्टिसची गाडी दारात लागली. नेल्डा दारात जाऊन उभी राहिली. पोरी गाडीतून उतरल्या, पण उडी मारून नाहीत. आधी एक पाय, मग दाराचा आधार, मग दुसरा. दोघी पायवाटेनं आल्या त्या गाभण शेळ्यांसारख्या, सावकाश, पोट सांभाळत.

“फार छान वास येतोय, आजी,” कोरिन म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनं आवंढा गिळला. तो भुकेचा आवंढा नव्हता. अडतीस वर्षांत नेल्डानं दोन्ही तऱ्हेचे आवंढे ओळखायला शिकून घेतलं होतं.

तिनं कर्टिसला बाजूला ओढलं. “काय काय खाल्लंय त्यांनी?”

“मला काय ठाऊक? मी चारला दारातून उचलल्या. पण येताना कुणी बोललं नाही, आणि हॅटी म्हणाली सीटचा पट्टा सैल ठेवा, बाबा.”

मग कोरिनला विचारलं. ती पोर हुशार, आणि खोटं बोलायची सवय नाही. तिनं शाळेत कविता म्हणावी तसं सगळं म्हणून दाखवलं. व्हर्लीनआजीकडे टर्की, हॅम, दोन तऱ्हेच्या कोशिंबिरी, बटाटा.

“बटाटा तिकडे नव्हता ठरला!” नेल्डाच्या तोंडून निघून गेलं.

“आजी म्हणाली, मनगटं बघा पोरींची, काड्या झाल्यात. मग पाई. ती म्हणाली की, तुमची नेल्डाआजी पाई देईल, ती खाच, पण माझी वेगळी असते. म्हणून एक भोपळ्याची आणि एक सफरचंदाची.”

“आणि तिकडे? त्या नव्या बाईंकडे?”

कोरिननं हॅटीकडे बघितलं. हॅटी म्हणाली, “त्या खूप चांगल्या आहेत. त्यांनी विचारलं, मला पण आजी म्हणाल का? आम्ही हो म्हटलं. मग त्या रडल्या आणि त्यांनी आणखी वाढलं.”

नेल्डा तरातरा फोनकडे निघाली. मर्ल आपल्या खुर्चीतूनच म्हणाला, “कुणाला फोन करतेस?”

“त्या नॉर्वेजियनला!”

“आणि काय सांगशील? नातींना पोटभर जेवू घातलंस म्हणून?”

फोनवर ठेवलेला हात तिनं काढून घेतला. खरं होतं. कुठल्या तोंडानं भांडायचं? मग तिनं मनाशी ठरवलं, त्यांनी शब्द मोडला तर मोडू दे, आपण पाळायचा. एकेक चमचा. हसायचं, खेळायचं, पत्ते काढायचे. पोरींना मजा आली म्हणजे झालं. बोली मजेचीच होती.

पाचजण टेबलाला बसले. आता इथली रीत अशी की घास घेण्याआधी प्रत्येकानं सांगायचं, वर्षभरात आपण कशाबद्दल आभारी आहोत. मर्ल आपल्या नव्या गुडघ्याबद्दल आभारी होता, आणि गेल्या वर्षी जुन्या गुडघ्याबद्दल काय काय बोललो होतो त्याचीही त्यानं क्षमा मागितली. कर्टिस मान खाली घालून म्हणाला, “ह्या दोघींबद्दल.” कोरिन म्हणाली, “सगळ्या आज्यांबद्दल.” मोठेपणी ही पोर राजकारणात जाणार, असं मर्ल पुटपुटला.

मग हॅटीची पाळी आली. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि अगदी मनापासून म्हणाली, “मी आभारी आहे की आता हे शेवटचं जेवण आहे.”

मग मर्ल असा खदखदून हसला की नवा गुडघा टेबलाखाली आपटला. कर्टिस हसला, कोरिन हसली. नेल्डाही हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते तिनं कागदी रुमालानं टिपलं. स्वतःच्या पाळीला मात्र तिला काही आठवेना. “माझं सगळं तुम्ही म्हणून टाकलंत,” असं म्हणून तिनं पळी उचलली.

आणि इथे घात झाला. चमचा घ्यायचा होता, हातात आली पळी. बरं, आली तर आली, अर्धी भरावी. पण त्या मनगटाला अडतीस वर्षांची शिकवण. दोनशे ऐंशी ट्रे, प्रत्येकात सारखं. सारणाची पळी गच्च भरून हॅटीच्या ताटात कधी पडली, हे नेल्डालाही कळलं नाही. रताळी पडली. टर्की पडली. ग्रेव्हीचं तळं झालं. तिकडे दोघीजणींनी शब्द मोडला म्हणून ती चडफडत होती, आणि तिसरीनं तो नातींच्या डोळ्यांदेखत मोडला. “अगं, पुरे!” कर्टिस म्हणाला, तेव्हा ती भानावर आली. ताटावर डोंगर उभा होता.

“खा जमेल तेवढं. नको असलं तर राहू दे,” ती घाईघाईनं म्हणाली.

पण पोरी हॉली क्रीकच्या रक्ताच्या. बापानं त्यांना पाळण्यातच नको-चमचा शिकवला होता. कोरिननं काटा उचलला. हॅटीनं उचलला. नऊ पदार्थ, प्रत्येकाचा एक घास. कर्टिस काहीबाही गमती सांगू लागला, टँकरमागे धावणाऱ्या एका बोकडाची गोष्ट सांगितली. चांगली गोष्ट होती, एरवी हॅटी खुर्चीवरून पडली असती. ती नुसती “हं” म्हणाली आणि चावत राहिली.

नेल्डा बघत होती. पोर चावत होती, गिळत होती, पाण्याचा घोट घेत होती. परत काटा. मध्येच वर बघून आजीकडे हसत होती. हसू असं, की जत्रेत फोटो काढताना लहान मुलं हसतात. सहाव्या की सातव्या घासाला तिच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला, गालावरून ओघळला, आणि ग्रेव्हीत पडला. तिनं रडण्यासाठी तोंड उघडलं नाही. तोंड भरलेलं होतं.

नेल्डा उठली आणि तिनं ते ताट काढून घेतलं.

आयुष्यात तिनं पोराच्या पुढ्यातून ताट ओढलं ते हे पहिलं. हॅटीनं घाबरून वर पाहिलं, घास कसाबसा गिळला आणि दोन्ही हातांनी ताटाची कड धरली.

“खाते ना! आजी, मी सगळं खाते! नेऊ नकोस ना!”

“अगं, पोट दुखेल तुझं. सोड.”

“नाही दुखत. मला फार आवडलं. बाबा, मला फार मजा आली, खरंच फार मजा आली!” आणि मग तिला हुंदका आवरेना.

कर्टिसच्या हातातला काटा तसाच राहिला. नेल्डानं कोरिनकडे बघितलं. कोरिनची मान खाली.

“मीच सांगितलं तिला,” कोरिन म्हणाली. “बाबांचं फोनवरचं बोलणं मी ऐकलं होतं. आपण नीट जेवलो नाही, हसलो नाही, तर आजीचा सण बंद होणार. म्हणून आम्ही ठरवलं होतं. तिकडे कमी खायचं ठरवलं होतं, पण त्या वाढतच राहिल्या, आणि व्हर्लीनआजीला नको म्हटलं की तिचं तोंड एवढंसं होतं. आणि इकडे तर...” तिनं पुढे सांगितलं नाही. तिच्याही ताटात अजून अर्धा डोंगर होता.

आपण तीन म्हाताऱ्यांनी फोनवर करार केला, हे नेल्डाला मोठं शहाणपण वाटलं होतं. त्याच वेळी ह्या दोन चिमण्यांनी अंथरुणात डोक्याला डोकं लावून आपला करार केला होता, आणि सगळ्यांत तो एकच करार कुणी मोडला नव्हता.

तिनं हॅटीला उचललं. सहा वर्षांची पोर, त्यात तीन घरचं अन्न. कंबर कळवळली, पण उचललं. सोफ्यावर आणून ठेवलं, स्कर्टचा हूक सैल केला, पाठीवरून हात फिरवत बसली. पोटाला तेवढाच उपाय तिला ठाऊक होता. कोरिन येऊन दुसऱ्या बाजूला आडवी झाली. मर्लनं टीव्हीवर फुटबॉलची मॅच लावली आणि आवाज अगदी बारीक केला. पाच मिनिटांत दोघी घोरायला लागल्या.

स्वयंपाकघरात कर्टिस उभा होता. त्यानं आतल्या खिशातून कागद काढला आणि ओट्यावर, अठरा पौंडांच्या पक्ष्याशेजारी ठेवला. पक्ष्याचा एक खांदा तेवढा कापला गेला होता.

“आई, तू नाही म्हण.”

नेल्डा भांडी गोळा करायला लागली.

“आई, ऐक. तू एकदा नाही म्हण, मी हा फाडून टाकतो. जुलै गेला खड्ड्यात. ते तीन तास मी भांडून राखीन.”

“आणि मग पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी आपण पाचला जेवू. सहाला. व्हर्लीनला मी सांगतो, त्या दुसरीला सांगतो...”

“मी सांगितलं होतं,” नेल्डा म्हणाली. “त्यांनी पाळलं नाही. मी पाळलं नाही. पुढच्या वर्षीही पाळणार नाही. तिघींतली एकही पाळणार नाही. आम्हांला दुसरं काही येत नाही रे.”

कर्टिसनं तिच्याकडे बघितलं. तिनं नाही म्हणावं म्हणून तो थांबला. तिनं तोंड उघडलंही. शब्द अगदी ओठांवर होता. एवढासा शब्द, दोनशे ऐंशी पोरं तो तिला रोज तोंडावर म्हणत आली होती. पण बाहेरच्या खोलीत हॅटी झोपेत कण्हली आणि तो शब्द परत आत गेला.

कर्टिसनं खिशातलं पेन काढलं. शाई कधीचीच वाळलेली. त्यानं कागदावर दोनदा ओढलं, तीनदा ओढलं, नुसते पांढरे चरे पडले.

“चालत नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी आशाही होती.

नेल्डानं हात पुसले. खण उघडला. दोरे, रबर, विझलेल्या मेणबत्त्या, ह्यांच्याखालून एक पेन काढलं, स्वतःच्या तळहातावर ओढून बघितलं. निळी रेघ उमटली.

“हे घे,” ती म्हणाली.

पावणेसातला पोरींना उठवावं लागलं. सातला टॅम्राच्या दारात पोचायचं होतं. सवयीनं नेल्डानं डबे बाहेर काढले, एकात पाईची फोड ठेवली, झाकण हातात घेतलं, आणि मग तशीच उभी राहिली. कोरिन डब्याकडे बघून पांढरीफटक पडली होती. नेल्डानं फोड परत ताटात ठेवली.

कोरिननं तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ मिठी मारली. हॅटी बापाच्या खांद्यावर होती, टोपी डोळ्यांवर आलेली. दारातून बाहेर पडताना तिनं अर्धवट झोपेत डोकं उचललं.

“आजी, रागावलीस?”

“नाही गं माझ्या राणी.”

“मी परत जेवेन. भूक लागली की. मला परत भूक कधी लागेल?”

ह्या प्रश्नाचं उत्तर नेल्डाइतकं नेमकं गावात कुणालाच देता आलं नसतं.

“सकाळी,” ती म्हणाली. “उद्या सकाळी आठ वाजता.”

“बरं,” हॅटी म्हणाली आणि तिनं परत मान टाकली. कर्टिसनं तिला गाडीत ठेवलं, ह्या वेळी पट्टा न विचारताच सैल लावला. गाडी वळली, दिवे शेजारच्या कुंपणावरून फिरले. शेजारणीच्या खिडकीचा पडदा जरासा हलला. नेल्डानं तिकडे हात केला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.